भरावाखालची गाडी

होडी आता पाणी चढल्याशिवाय निघायची नाही. तो तांडेल काही खोटं बोलत नाही, समोर बघा ना, नुसता चिखल दिसतोय. सतरंजी पसरा, धाकट्या शुभाला मध्ये घ्या. जयंती, कंदिलाची वात जरा खाली कर, रॉकेल पुरवायला हवं. गोराईला लग्नाला यायचं म्हणजे परतीची भरती बघून यावं लागतं, हे सकाळीच मी नंदकिशोरला सांगत होतो. पण मामाचं ऐकतो कोण?

गोष्ट हवी? सांगतो. पण गोष्ट म्हणून नाही, घडलेलं सांगतो. भूतबित मी म्हणणार नाही. तुम्हाला काय म्हणायचं ते मागाहून म्हणा. हा चिखल बघितला आणि काशीराम परबाची आठवण झाली, म्हणून.

मी तेव्हा कुर्ल्याला एका गॅरेजच्या हापिसात होतो. आमच्या मालकाने लढाईनंतर लिलावात एक लष्करी ब्रेकडाऊन गाडी घेतली होती. पुढे तारेचा दोर ओढणारं विंच, मागे क्रेन, दिसायला अगदी राक्षस. त्या दिवसांत कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत नुसती खणाखणी चालली होती. इकडचा डोंगर फोडायचा आणि तिकडच्या खाडीत नेऊन ओतायचा. त्यासाठी डंपर आले होते. मागचा हौदा उचलून माल ओततात ना, ते ट्रक. हे डंपर फार पडायचे. भरावाच्या अगदी कडेला मागे घ्यायचा, हौदा वर करायचा, आणि तेवढ्यात खालची ताजी माती दबली की संपलं. भरलेला हौदा वर, चाक खाली, गाडी आडवी.

मग आमच्याकडे फोन यायचा आणि मी काशीरामला हाक मारायचो.

काशीराम देवगडकडचा. आधी गोदीत खलाशी होता. पन्नाशीचा, बुटका, पण हात असे की मूठ वळली तर नारळ वाटावा. आवाज मात्र कधी चढवायचा नाही. पडलेल्या गाडीला आधी एक फेरी घालायचा, बिडी ओढत. मग पान्याने टपावर तीनदा ठोकायचा आणि विचारायचा, "भितर कोण आसा काय?" त्याशिवाय दोर लावू द्यायचा नाही. लोक हसायचे. पण मुलुंडच्या एका खाणीत त्याने असंच ठोकलं होतं, तर आतून कण्हणं ऐकू आलं. ड्रायव्हर तर बाहेर उभा होता. आत कोण? तर त्याचा मेव्हणा, सहज बसून आलेला, कोणाला पत्ताच नाही. तसाच दोर ओढला असता तर तो माणूस चेपून गेला असता. तेव्हापासून रामनाथ, म्हणजे आमचा विंचवाला, हसायचा थांबला.

तर सत्तावन्न साल. मार्गशीर्षातली विनायकी चतुर्थी, सोमवार. तिथी पक्की लक्षात आहे, कारण माझा उपास होता आणि घरी लवकर जायचं होतं. दिवेलागणीला कपाट बंद करतोय तोच फोन वाजला. घाटकोपरच्या पुढे खाडीत एका कंत्राटदाराची भरणी चालली होती, तिथला सुपरवायझर श्यामसुंदर बोलत होता.

"गाडी कलंडलीय. नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी आहे. त्या वेळात उभी झाली तर झाली. भरती आली की चिखल गिळून टाकील तिला. लगेच माणसं पाठवा."

काशीराम दाराशी चहा पीत होता. मी सांगितलं. तो म्हणाला, "जातंय." बशीतला चहा संपवला, रामनाथला उठवलं, दोरकामाचे दोन खलाशी घेतले, रेल्वेच्या स्लीपरचे लाकडी ठोकळे आणि गॅसबत्त्या गाडीत टाकल्या आणि निघाला. मी घरी गेलो.

इथून पुढचं मला काशीरामने सांगितलं. नंतर रामनाथने वेगळं बसून सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

आग्रा रोडने घाटकोपर मागे टाकलं, रेल्वेचं फाटक ओलांडलं की तेव्हा वस्ती संपायची. पुढे मिठागरं, मग तिवरांचं रान, आणि त्या रानातून खाडीत घुसलेला कच्चा भराव. दोन्ही बाजूंना काळा चिखल. आभाळात चवथीची चंद्रकोर होती, पण पार खाली उतरलेली. भरावाच्या टोकाशी श्यामसुंदर बॅटरी घेऊन उभा. त्याच्याजवळ दगडावर घोंगडी पांघरून डंपरचा ड्रायव्हर बसलेला. खरचटण्यापलीकडे त्याला काही झालं नव्हतं, पण दात वाजत होते.

डंपर भरावाच्या उतारावर कुशीवर पडला होता. चाकं भरावाकडे, टप खाडीकडच्या चिखलात अर्धा रुतलेला.

काशीरामने फेरी घातली. पान्याने टपावर तीनदा ठोकलं.

"भितर कोण आसा काय?"

आणि... उत्तर आलं.

ठक. ठक. ठक.

रामनाथ विंचपाशी होता, त्यालाही ऐकू गेलं. आवाज जवळून नव्हता आला. कोणी भिंतीपलीकडून ठोकावं तसा, दबलेला. काशीरामने बत्ती मागवली, काच फुटलेल्या खिडकीतून आत डोकं घातलं. सीट, तुटकं स्टिअरिंग, ड्रायव्हरची एक चप्पल. माणूस नाही. त्याने हौद्याखाली हात घालून चिखल चाचपला. तिथेही कोणी नाही.

"तुज्याबरोबर कोण होता?" त्याने ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हर म्हणाला, "कोई नहीं. अकेला था."

"आणि तुमचे मजूर? कोण कमी नाय ना?"

श्यामसुंदर वैतागला. "सगळे झोपड्यांत जेवतायत. मी स्वतः बघून आलोय. अहो, इंजिन तापलेलं होतं, आता थंड होतंय. लोखंड वाजणारच. चला, पाणी कोणासाठी थांबत नाही."

तेही खरं होतं. लोखंड वाजतं. पण काशीराम मला म्हणाला, "अण्णा, लोखंड तीनदा वाजून गप नाय बसत."

तरी काम सुरू केलं त्याने. ब्रेकडाऊन गाडीच्या चाकांखाली स्लीपर दिले, हौद्यावरून तारेचा दोर पलीकडे नेऊन सांगाड्याला अडकवला, हात वर केला. रामनाथने विंच सुरू केलं. दोर ताठ झाला, कुरकुरला, आणि डंपर हळूहळू उठला. घाई नाही, गचका नाही. चाकं टेकली. मग पुढून ओढून त्याला भरावावर आणलं. इतकं सोपं काम क्वचित होतं. श्यामसुंदरचा चेहरा खुलला.

"झकास! काशीराम, मानलं तुला. चला, उरका आता."

चंद्रकोर तिवरांच्या मागे गेली होती. अंधार पडला. खलाशी दोर गुंडाळायला लागले.

आणि मग पुन्हा.

ठक. ठक. ठक.

डंपर आता भरावावर उभा होता. आवाज तिथून नव्हता. डंपर जिथे पडला होता त्या खड्ड्यातून येत होता. मोकळ्या चिखलातून.

सगळे जागच्या जागी उभे राहिले.

काशीरामने बत्ती उचलली आणि उतारावरून खाली गेला. डंपरच्या वजनाने माती सरकून खोल घळ झाली होती, तिच्या तळाशी पाणी झिरपत होतं. पाण्यात काहीतरी चौकोनी टोक. त्याने हाताने चिखल बाजूला केला. लोखंड होतं. हिरव्या रंगाचा पत्रा.

दुसऱ्या गाडीचा टप.

तो उठला, वर आला. श्यामसुंदरला विचारलं, "खाली कोणाची गाडी आसा?"

श्यामसुंदरने बॅटरीचा उजेड दुसरीकडे वळवला.

बोलला तो ड्रायव्हर. घोंगडीतून, मान वर न करता. "इधर पहले भी एक गाडी गिरा था. दसरे के टाइम. निकाला नहीं."

"तू गप्प बैस रे!" श्यामसुंदर ओरडला. मग त्याचा आवाज खाली आला. "काय करणार होतो? रात्रीत निम्मी आत गेली होती. साहेब म्हणाले, जुनी गाडी आहे, राहू दे. तिच्यावरच माल ओतला. तिचा ड्रायव्हर उडी मारून पळाला, तो परत आलाच नाही. आत कोणी नव्हतं. कोणीच नव्हतं."

"बघितलास?"

"काय?"

"भितर कोण नव्हता ह्या तू बघितलास?"

श्यामसुंदरने मान फिरवली.

तेवढ्यात ड्रायव्हर पुन्हा बोलला. गाडी पडली तेव्हापासून तो जे सांगत नव्हता, ते. म्हणाला, मी काही कडेला गेलो नव्हतो. मागे घेताना आरशात पाहिलं तर भरावावर एक बाई उभी. मधोमध. हात वर करून. तिला वाचवायला मी स्टिअरिंग फिरवलं... आणि बाहेर निघून पाहतो तर कोणी नाही.

रामनाथ काशीरामजवळ येऊन कानात म्हणाला, "दादा, आपलं काम झालंय. पाणी फिरलं बघ. निघूया यार. उद्या पोलिसांना सांगू."

पाणी खरंच फिरलं होतं. तिवरांच्या मुळांतून बुडबुडे फुटल्यासारखा बारीक आवाज यायला लागला होता. भरती अशीच येते, गाजावाजा न करता. काशीरामला कळत होतं. पहाटे इथे दहा हात पाणी असणार, आणि पोलीस यायच्या आधी श्यामसुंदर पन्नास गाड्या माती इथे ओतून मोकळा होणार. मग कोण खणतंय?

तो एवढंच म्हणाला, "उद्या ही जागा गावाची नाय." म्हणजे सापडायची नाही. आणि फावडं मागितलं.

श्यामसुंदर आडवा आला. "तुला गाडी काढायला बोलावलंय. तुझं काम झालं. इथे खणायचा हुकूम नाही."

काशीरामने आवाज चढवला नाही. "ही पण गाडीच आसा," तो म्हणाला. "बाजूक हो."

तेव्हाच तिवरांतून एक कंदील आला. कंदील धरून एक कोळी, कमरेला रुमाल, अंगात काही नाही. जवळच्या कोळीवाड्यातला महादू. श्यामसुंदर पुटपुटला, "आला वेडा. रोज रात्री येतो. बायको पळून गेलीय त्याची."

महादूने त्याच्याकडे बघितलं नाही. काशीरामला आपल्या बोलीत, 'ड'चा 'र' करत, म्हणाला, "पलाली नाय ती. नवरात्रात सांजचं बाजारात ग्येली. ह्या गाऱ्या रिकाम्या जातान, आमच्या बाया बसून जातान. सगुणा परत यताना पन बसली आसंल. मी रोज यतो नि ऐकतो." मग त्याने कंदील वर धरला. "तुमाला पन ऐकू आला ना? आज?"

काशीरामने मान डोलावली. दुसरं फावडं महादूने उचललं.

खलाशी उतरले. रामनाथ उतरला. शेवटी तो ड्रायव्हरही घोंगडी टाकून उतरला. श्यामसुंदर मात्र वर उभा राहिला, बॅटरी धरून. पाणी पावलांना लागलं. मग घोट्यांना. चिखल काढावा तितका परत यायचा. टप मोकळा झाला, मग एका बाजूच्या दाराचा वरचा भाग. काच शाबूत होती, आतून चिखलाने लिंपलेली. दार उघडेना. गाडी उचलल्याशिवाय ते उघडणारच नव्हतं.

दोर लावला. विंच सुरू झालं. दोर ताठ झाला... आणि थांबला.

ब्रेकडाऊन गाडीची मागची चाकं स्लीपरवरून उठायला लागली. खालचा टप तसूभर हलेना. रामनाथ वरून ओरडला, "दादा, दोर तुटेल!"

काशीराम म्हणतो, आपण चिखलात रुतलेल्या किती गाड्या काढल्या, गणती नाही. चिखल धरतो, पण तो सगळीकडून धरतो. इथे तसं वाटत नव्हतं. मागे गोदीत असताना दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असला की हाताला कळायचं. तसं वाटत होतं.

कोणीतरी... धरून ठेवलं होतं.

पाणी गुडघ्यांशी आलं.

ठक. ठक. आता तीन नाही. भराभर. ठक ठक ठक ठक... दोन्ही हातांनी कोणी ठोकावं तसं. सगळ्यांना ऐकू आलं. श्यामसुंदरच्या हातातली बॅटरी खाली पडली.

महादू पाण्यात बसला. छातीपर्यंत पाणी. दोन्ही तळवे त्या पत्र्यावर ठेवले. एखाद्या तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसे.

"सगुणा," त्याने हाक मारली. "मी आलो. घाबरू नको. हात सोर आता."

ठोकणं थांबलं.

"सोर बाय. घरा जावचं ना? सोर..."

दोर एकदम सैल पडला आणि लगेच पुन्हा ताठ झाला. रामनाथने विंच तसंच चालू ठेवलं होतं. चिखलाने मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज झाला आणि टप वर आला. दार वर आलं. विंचला जणू वजनच नव्हतं. रिकामा हातगाडा ओढावा तशी ती गाडी उतारावर सरकत आली.

काशीरामने पहारीने दार उचकटलं.

आत काय होतं ते मी तपशीलवार सांगणार नाही. शुभा आहे इथे. खाऱ्या चिखलात हवा नसते, माणूस लवकर विरत नाही, एवढंच समजा. एक बाई होती. दाराला टेकून बसलेली. दोन्ही हात वर, काचेवर.

तिला फळीवर घेऊन भरावावर आणलं. खलाशांनी माना खाली घातल्या. महादू कंदील घेऊन जवळ गेला. तिच्या पायांवरचा चिखल त्याने पाण्याने धुतला. पायांत चांदीचे वाळे होते, जाड, घाटावर घालतात तसे. तो वाळ्यांकडे बघत राहिला. मग तिच्या लुगड्याकडे. मग कंदील तिच्या तोंडाशी नेला.

बराच वेळ तिथेच धरला.

आणि म्हणाला, "ही सगुणा नाय."

काशीरामला वाटलं, दुःखाने बोलतोय. त्याने महादूच्या खांद्यावर हात ठेवला. महादूने तो काढून टाकला नाही, पण पुन्हा तेच बोलला. "नाय. सगुणाच्या पायात कदी वाले नव्हते. ही दुसरी कोन हाय."

मग महादू उठला, उतारावरून खाली उतरला आणि त्या खड्ड्यापाशी वाकून बसला. कान पाण्याला लावून. वर सगळे उभे. पाणी खड्ड्यात भरत होतं, फिरत होतं, वर येत होतं. तो ऐकत राहिला. कितीतरी वेळ.

खालून काही आवाज आला नाही.

त्याला काखेत हात घालून वर काढावं लागलं. तोवर पाणी त्याच्या गळ्याशी आलं होतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. श्यामसुंदरने आपणहून सगळं सांगून टाकलं. साहेबांची नावं घेतली, रडला. काम महिनाभर बंद राहिलं. ती बाई कोण, ते कोणाला सांगता येईना. मजुरांच्या बाया झोपड्यांवर परतताना गाड्यांत बसायच्या, तशीच बसली असणार. दुष्काळी भागातून टोळ्या यायच्या, काम संपलं की जायच्या. एक बाई कमी आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला शोधायला कोणी आलं नव्हतं. दोन महिने ती तिथे होती आणि जगात कोणाचंही तिच्यावाचून अडलं नव्हतं.

प्रेत कोणाच्या ताब्यात द्यायचं, असा प्रश्न आला. तेव्हा महादू पुढे झाला.

हवालदाराने विचारलं, "तुझी कोण?"

"माजी," महादू म्हणाला.

काशीराम शेजारी उभा होता. त्याने महादूला बाहेर नेऊन विचारलं, "असा कित्याक सांगितलंस? तू तर म्हणालंस..."

महादू म्हणाला, "मी सगुणा म्हनून हाक मारली. ती त्या हाकेला आली. तिला दुसरी कोनी हाक मारलीच नाय ना. आता तिला कशी सोरू?"

काशीराम त्याच्याबरोबर पुन्हा आत गेला.

कोळीवाड्याने तिला आपली मानलं. खाडीच्या काठी त्यांचं स्मशान होतं, तिथे तिला अग्नी दिला. हिरवं लुगडं नेसवलं होतं, हळदीकुंकू लावलं होतं. कृष्णाबाई म्हणून वाड्यातली जुनी बाई होती, ती म्हणे खऱ्या सुनेसाठी रडावं तशी रडली. आमच्या गॅरेजातून काशीराम आणि रामनाथ गेले होते. मला ताप होता म्हणून मी नाही गेलो, याची मला अजून चुटपुट आहे.

सगळं आटोपल्यावर माणसं पांगली. महादूला एकट्याला घरी सोडवेना म्हणून काशीराम त्याच्याबरोबर निघाला. महादूला ना मूलबाळ, ना भाऊबंद. घर वाड्याच्या टोकाला, पाण्याकडचं. दोन खोल्या, वर कौलं. सकाळी निघताना महादूने दाराला कुलूप लावलेलं काशीरामने बघितलं होतं, किल्ली महादूच्या कमरेला करगोट्यात होती. त्या दिवशी महादूच्या घरी चूल पेटणार नव्हती. कृष्णाबाई सांजेला त्याच्यासाठी भाकरी पाठवणार होती.

घर दिसलं तसा महादू थबकला.

कौलांतून धूर येत होता.

काशीरामने त्याच्याकडे बघितलं. महादूने किल्ली काढली. कुलूप तसंच होतं. बंद. हात लावलेला नव्हता. त्याने किल्ली फिरवली.

दार उघडलं.

आत कोणी नाही. मागचं दार आतून अडसर घातलेलं. खिडकी लावलेली. शेणाने सारवलेली जमीन, कोरडी. पावलाचा ठसा नाही.

चूल पेटलेली.

चुलीवर टोप. टोपात भात. पाणी आटत आलेलं, वरती बारीक बुडबुडे येत होते.

महादू दारातच उभा राहिला. "सगुणा?" त्याने हळूच हाक मारली.

मग जरा थांबून... कोणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात... "बाय?"

उत्तर आलं नाही.

काशीराम चुलीपाशी वाकला. टोपावरचं झाकण काढून कोणीतरी बाजूला उलटं ठेवलं होतं. झाकणावर भाताचं एक शीत होतं. शिजलंय का ते बघायला दोन बोटांत चेपतात ना, तसं चेपलेलं.

त्याने बोट लावलं.

शीत अजून गरम होतं.